वन्समोअरचा जुलूम

नाटकाच्या थिएटरात एक इंग्रजी शब्द आपण असा काही रुजवला की तो आता मराठीच झाला आहे. पद रंगते, टाळ्या पडतात आणि मागच्या रांगेतून आरोळी उठते, "वन्समोअर!" नट गालातल्या गालात हसतो, पेटीवाल्याकडे पाहतो आणि तेच पद पुन्हा सुरू होते. यात कुणाचे काही बिघडत नाही. रसिकाला आनंद, नटाला मान, पेटीवाल्याला थोडे अधिक काम. पण वन्समोअर पदाला मागावा, माणसाच्या वयाला मागू नये. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला "पुन्हा एकदा सोळा वर्षांचा हो पाहू" असे जे लोक प्रेमाने म्हणतात, ते प्रेमाच्या नावाखाली जुलूम करीत असतात, असे माझे स्पष्ट मत आहे. फराळाच्या ताटात हे कडू कारीट मीच ठेवतो आहे, याची मला जाणीव आहे. पण कारीट फोडल्याशिवाय आपली दिवाळी तरी कुठे सुरू होते?

वादाला निमित्त झाला माझा मामेभाऊ. मामा नोकरीनिमित्त शिकागोजवळच्या एका उपनगरात जाऊन स्थायिक झाले आणि त्यांचा मुलगा तिथेच वाढला. माझ्याहून दोन वर्षांनी धाकटा. मला अजून 'दादा' म्हणतो, मराठी प्रेमाने बोलतो, फक्त 'ळ'चा 'ल' करतो. गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे आठ दिवस राहून गेला. पहिले चार दिवस आंबे खाण्यात गेले. पाचव्या रात्री जेवणे उरकल्यावर त्याने आपला लॅपटॉप आमच्या टीव्हीला जोडला आणि घरातल्या सर्वांना समोर बसवून म्हणाला, "दादा, तुमचं जसं दूरदर्शनवरचं 'गोट्या', तसं आमचं हे."

'हे' म्हणजे 'सेव्ह्ड बाय द बेल'. घंटा झाली म्हणून वाचलो, असा त्याचा अर्थ. गृहपाठ न केलेल्या प्रत्येक मुलाने हा आनंद कधी ना कधी भोगलेला आहे. ही मालिका अमेरिकेत एन.बी.सी. वाहिनीवर १९८९ ते १९९३ या काळात शनिवारी सकाळी लागत असे. कॅलिफोर्नियातले बेसाइड नावाचे एक हायस्कूल आणि तिथली सहा मुले. सोनेरी केसांचा, गोड बोलून सर्वांना गंडवणारा झॅक. पहिलवानी अंगाचा स्लेटर. साऱ्या शाळेला आवडणारी केली. हुशार आणि बाणेदार जेसी. कपड्यांची शौकीन लिसा. आणि ज्याला सगळ्यांनी हसायचे असा किडकिडीत, कुरळ्या केसांचा स्क्रीच. शाळा सुटली की ही मंडळी 'द मॅक्स' नावाच्या उपाहारगृहात जमतात. खरे सांगायचे तर शाळेपेक्षा तिथेच जास्त असतात. परीक्षा, रुसवेफुगवे, नाचगाणी, थोडा उपदेश आणि प्रत्येक वाक्यानंतर मागून हशा. असे एकंदर ८६ भाग.

मामेभावाचे या मालिकेवरचे प्रेम मला आधी हास्यास्पद वाटले. मग त्याने एक गोष्ट सांगितली. त्या उपनगरातल्या त्याच्या वर्गात त्याच्या रंगाचा दुसरा मुलगा नव्हता. डब्यातली पोळीभाजी तो लपवून खाई. अमेरिकन मुले एकमेकांशी बोलतात कशी, हसतात कशावर, मैत्रिणीला काय म्हणतात, हे त्याला घरात सांगणारे कोणी नव्हते. मामा-मामींनाच ते कुठे ठाऊक होते? शनिवारी सकाळी टीव्हीपुढे बसून तो ते शिकला. ज्या मालिकेने एका एकट्या पोराला सोबत केली तिला मी नावे ठेवणार नाही. माझे भांडण मालिकेशी नाहीच. ते पुढे जे झाले, त्याच्याशी आहे.

पुढे झाले असे की ती मुले मोठी झाली, आणि त्यांना पाहणारी मुलेही मोठी झाली. पण पाहणाऱ्यांनी तिकडच्या मुलांना मोठे होऊ द्यायचे नाकारले. २०१५ साली रात्रीच्या एका लोकप्रिय कार्यक्रमात त्यांतल्या काही नटांना जमवून, जुने कपडे चढवून, बेसाइडचा एक प्रवेश पुन्हा करवून घेतला. २०१६ साली शिकागोत 'द मॅक्स' उपाहारगृहाची हुबेहूब प्रतिकृती उभारली. तीच रंगीबेरंगी टेबले, तोच थाट. थोड्या दिवसांसाठी काढलेला हा उद्योग गर्दीमुळे लांबवावा लागला, आणि पुढे तो लॉस एंजेलिसकडेही गेला. माझा मामेभाऊ बायकोला घेऊन तिथे गेला होता. २०२० साली पीकॉक नावाच्या वाहिनीने मालिकाच पुन्हा काढली; ती दोन पर्वे चालून २०२२ मध्ये बंद झाली. हे सगळे तो मला अभिमानाने सांगत होता, आणि मी टीव्हीकडे पाहत होतो.

टीव्हीवर त्या वेळी झॅक आपली प्रसिद्ध युक्ती करीत होता. अडचणीचा प्रसंग आला की तो दोन्ही हातांची खूण करून "टाइम आउट" म्हणतो. त्याबरोबर सगळे जग थिजते. कुणाचा हात हवेत, कुणाचे तोंड उघडे. एकटा झॅक मोकळा. तो आपल्याकडे वळून मनातले बोलतो, थिजलेल्यांच्या मधून खुशाल फिरतो आणि मग हवे तेव्हा जग पुन्हा चालू करतो. मी मामेभावाला म्हणालो, "अरे, तुम्ही सगळे झॅक झालात. तीस वर्षं टाइम आउट घेऊन बसलात. तुम्ही नोकऱ्या केल्यात, लग्नं केलीत, टक्कल पाडून घेतलंत. आणि ते बिचारे हात हवेत धरून उभे."

तो हसला. मला हसू येईना. कारण मी स्क्रीचकडे पाहत होतो.

"ह्याचं खरं नाव काय रे?" मी विचारले.

झॅक म्हणजे मार्क-पॉल गॉसलर, स्लेटर म्हणजे मारिओ लोपेझ, हे त्याने मघाशी धडाधड सांगितले होते. स्क्रीचपाशी मात्र तो अडला. फोन काढून पाहावे लागले. डस्टिन डायमंड.

वाचकहो, हा डस्टिन डायमंड १९७७ चा, आणि बाकीची मुले १९७२ ते १९७४ मधली. म्हणजे तो त्यांच्याहून निदान पावणेतीन वर्षांनी लहान. पन्नाशीत तीन वर्षांचे अंतर काही नसते. पण बारा आणि पंधरा यांच्यामध्ये काय असते ते शाळामास्तराला विचारा! सातवीतले पोर नेऊन दहावीच्या वर्गात बसवा आणि वर सांगा, तू सगळ्यांना हसवायचेस. नाटक आहे, खरे नाही, हे त्याला कळते, असे आपण म्हणतो. नाटक अर्ध्या तासाचे असते. नाव चोवीस तास चिकटते.

हे नाव त्याला १९८८ साली, अकराव्या वर्षी चिकटले. बाकीच्यांनी १९९४ च्या सुमारास त्या पात्रांना रामराम ठोकला. हा मात्र नव्या मुलांना घेऊन काढलेल्या पुढच्या मालिकेत त्याच शाळेत, हेडमास्तरांचा मदतनीस म्हणून, २००० पर्यंत स्क्रीचच राहिला. बारा वर्षे! आपल्याकडे तपाला जेवढा काळ लागतो तेवढा काळ एक मुलगा हसण्याचा विषय होऊन राहिला. २००६ मध्ये त्याचे घर जाण्याची वेळ आली, तेव्हा ते वाचवण्यासाठी त्याने शर्ट विकले. शर्टावर नाव त्या पात्राचेच. २००९ मध्ये त्याच्या नावाने जुन्या सोबत्यांची निंदा करणारे पुस्तक निघाले. पुढे तो म्हणाला की लेखनिकाने त्यात भलतेच घातले. बारमधल्या एका मारामारीपायी तो तुरुंगातही जाऊन आला. तो काही संत नव्हता. जुने सोबती त्याच्यापासून दूर राहिले, यातही मला नवल वाटत नाही. २०२० च्या नव्या मालिकेत तो नव्हता. त्याचे पात्र अंतराळस्थानकात राहते, असे सांगून विषय मिटवला. १ फेब्रुवारी २०२१ रोजी डस्टिन डायमंड कर्करोगाने गेला. वय ४४. त्यानंतर दुसऱ्या पर्वात सगळ्यांनी त्याची हळवी आठवण काढली. आपल्याकडेही जिवंतपणी उंबऱ्याबाहेर आणि श्राद्धाला खीर, असा प्रकार आहेच. तेव्हा आपण अमेरिकेला हसण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण जेसीचे. १९९० मधला एक भाग या चाहत्यांना फार प्रिय आहे. भूमितीची परीक्षा आणि गाण्याचा कार्यक्रम या दोन्ही दगडांवर पाय ठेवता ठेवता जेसी जागरणासाठी गोळ्या खाऊ लागते आणि शेवटी गाता गाता कोसळून रडते. हे रडणे अमेरिकेत तीस-पस्तीस वर्षे विनोद म्हणून चालत आले आहे. का, तर त्या गोळ्या साध्या कॉफीतल्या कॅफीनच्या! एवढ्यासाठी एवढे रडायचे? पण निर्माते पीटर एंगल यांनीच पुढे सांगितले आहे की मूळ कथेत ते खरे घातक उत्तेजक होते. वाहिनीच्या नियमवाल्यांना शनिवार सकाळच्या मुलांसाठी ते जड वाटले, म्हणून कॅफीन घातले. म्हणजे दुखणे हलके केले आणि रडणे तसेच ठेवले. एलिझाबेथ बर्कली त्या वेळी अठरा वर्षांची होती. तिने आपले काम मन लावून केले आणि बक्षीस म्हणून जन्माचे हसे पदरात पडले. ज्या घरांतून दहावी-बारावीच्या परीक्षेला रात्री दोन वाजता चहाचे आधण चढते, त्या घरांत हा विनोद कळायचा नाही. माझ्या दहावीतल्या मुलीला तो कळला नाही. ती एवढेच म्हणाली, "बाबा, तिला कुणी झोप का म्हणत नाही?"

का म्हणत नाही, याचे उत्तर मला नंतर मिळाले. ही मालिका मुळात मुलांची नव्हतीच. एका शिक्षिकेची होती. १९८८ साली डिस्नेच्या वाहिनीवर 'गुड मॉर्निंग, मिस ब्लिस' या नावाने ती सुरू झाली. हेली मिल्स ही नामांकित नटी तीत मिस ब्लिस बाई झाली होती. तेरा भागांनंतर ती बंद पडली. मग एन.बी.सी.ने ती उचलली, शाळा इंडियानापोलिसहून कॅलिफोर्नियाला हलवली, तीन मुले आणि हेडमास्तर तेवढे ठेवले आणि बाईंना काढून टाकले. ज्या शाळेतून शिक्षिकाच वजा केली ती शाळा जगप्रसिद्ध झाली! मास्तर म्हणून मला यात अपमान वाटावा. पण मला वाटली ती भीती. "पुरे झालं, या मुलाला आता हसू नका," असे म्हणायला वर्गात एक मोठे माणूस लागते. तेच नेमके काढले.

आता विरोधी पक्षाचे म्हणणे. मामेभावाने ते चांगले मांडले, म्हणून त्याच्याच तोंडून देतो. "दादा, ह्या लोकांना पैसे मिळाले, नाव मिळालं. कोणी पिस्तूल लावून आणत नाही त्यांना."

पैशाचे म्हणाल तर अमेरिकेने ती काळजी घेतली आहे, हे मान्य केले पाहिजे. चॅप्लिनच्या 'द किड' मधला जॅकी कूगन मोठा झाला तेव्हा त्याची बालपणीची सारी कमाई आईने आणि सावत्र बापाने उडवलेली निघाली. त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ साली कायदा झाला. २००० पासून बालनटाच्या मिळकतीतले १५ टक्के त्याच्या नावाने राखून ठेवावे लागतात. चित्रीकरणाच्या जागी शिक्षक नेमून मुलांना दिवसाचे तीन तास शिकवावे, असाही तिथला नियम आहे. गंमत पाहा, खोट्या शाळेच्या पडद्यामागे खरी शाळा! पैसा राखला, अभ्यास राखला. पण प्रेक्षकाच्या मायेपासून मुलाला राखणारा कायदा कोणी करायचा? तो आपला आपणच करायचा असतो.

हौसेचे म्हणाल तर ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल यावे. मारिओ लोपेझ आनंदाने येतो, त्याचे चांगलेच चालले आहे. पण लिसाचे काम करणाऱ्या लार्क वुर्हीझला २०१५ च्या त्या मेळाव्यात घेतले नाही, आणि ते मनाला लागल्याचे तिने २०२० मध्ये जाहीरपणे सांगितले. म्हणजे बोलावले तर सोळा वर्षांचे व्हायचे, आणि न बोलावले तर आपण कोणीच नाही असे वाटून घ्यायचे. ही हौस म्हणायची की वेठ? खुद्द झॅक झालेल्या गॉसलरने हे भाग कधी नीट पाहिलेच नव्हते. २०२० साली एका चाहत्याबरोबर बसून त्याने ते एकेक पाहिले आणि त्यावर बोलला. काही ठिकाणी त्यालाच अवघडल्यासारखे झाले. त्याचे केस मुळात काळसर, आई डच-इंडोनेशियन वंशाची. सोनेरी रंग बाटलीतला होता. ज्या झॅकवर सारे प्रेम करीत होते तो आरशातसुद्धा त्याला भेटत नव्हता!

आम्ही मराठी रसिक या बाबतीत फार सोज्वळ आहोत, असेही नाही. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त बालगंधर्व एकनाथ झाले. लोकांना ते पुरुषवेषात रुचले नाहीत. आम्हाला भामिनी हवी होती, रुक्मिणी हवी होती. ते पुन्हा रंगभूमीकडे आणि शालूकडे वळले, आणि पन्नाशी उलटली तरी आम्ही त्या थकल्या देहाकडे तरुण नायिकाच मागत राहिलो. त्याला आम्ही भक्ती म्हणतो. असेल, पण त्या भक्तीत देवाला बसायला जागा नव्हती.

इथवर मी दुसऱ्यांना बोललो. आता स्वतःचे सांगतो, नाहीतर हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही. शाळेत मात्र राहिलो. कादंबऱ्या लिहितो म्हणून स्नेहसंमेलनाचे प्रहसन लिहिण्याचे काम दर वर्षी माझ्याकडे. अठरा वर्षांपूर्वी मी एक प्रहसन लिहिले, त्यात गंपू नावाचा एक बावळट गडी होता. नववीतल्या एका अबोल मुलाला मी तो दिला. गुडघे वाकवून, हातात ट्रे घेऊन तो असा काही चालला की गावाने टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. मुलाला बोलते केले, म्हणून मला धन्यता वाटली. दुसऱ्या दिवसापासून तो गंपू झाला. शाळा सोडेपर्यंत गंपूच होता. हजेरी घेतानासुद्धा एकदा माझ्या तोंडून ते नाव गेले, आणि वर्ग हसला, आणि मीही.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत त्या तुकडीचा मेळावा झाला. तो आला होता. पतपेढीत शाखाधिकारी झाला आहे. नीटनेटका पोशाख, बोटाला धरलेली सहा-सात वर्षांची मुलगी. कोणीतरी ओरडले, "गंपू, ती चाल दाखव!" सगळ्यांनी टाळ्यांचा ठेका धरला. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले. वर्गात एक मोठे माणूस लागते, असे मी वर लिहिले आहे. तिथे ते होते. ते मीच होतो, आणि मी टाळ्या वाजवीत होतो.

त्याने चालून दाखवले. हातात ट्रे नव्हता म्हणून चहाची बशी घेतली. सगळे हसले. त्याची मुलगी हसली नाही. ती आळीपाळीने बापाकडे आणि आमच्याकडे पाहत होती. जेवणाच्या पंगतीत मी त्याला शोधला, तेव्हा तो निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटातूनही त्याचे नाव गेले. कोणी विचारले नाही. एकाने लिहिले, "गंपू रुसला वाटतं," आणि खाली हसरे चेहरे.

त्या मे महिन्याच्या रात्री टीव्हीवर मागून हशा येत होता आणि स्क्रीच खांदे पाडून उभा होता, तेव्हा मला ती बशी दिसली. मामेभाऊ गेल्यावर मी त्या विद्यार्थ्याला फोन केला. पूर्ण नावाने हाक मारली आणि क्षमा मागितली. तो घाईघाईने म्हणाला, "अहो सर, एवढं काय मनावर घेता?" मास्तराला बरे वाटावे म्हणून विद्यार्थी बोलतात त्या आवाजात बोलला. मुलगी कितवीत आहे, असे मी विचारले. "दुसरीत," म्हणाला. मग दोघांनाही काही सुचेना.

म्हणून माझे मागणे फार नाही. जुनी मालिका पाहा, शंभरदा पाहा. पडद्यावरची मुले तिथे आहेत तशी राहतील. शाळेच्या आठवणीही खुशाल काढा. पण समोर जो माणूस येऊन बसला आहे, त्याला त्याच्या आजच्या वयाचा पाट मांडा. उद्या भाऊबीजेला घर भरेल. कोणी मामा, कोणी आत्या हटकून म्हणेल, "हा लहानपणी कसा बोबडा बोलायचा, बोलून दाखव ना रे!" त्या वेळी त्याच्या पोरांच्या तोंडाकडे एकदा पाहा, आणि घरात एखादे मोठे माणूस असेल तर त्याने विषय बदलावा.

मामेभावाचा परवा फोन आला होता. माझे म्हणणे त्याला अजून सगळे पटलेले नाही. "पण दादा," तो म्हणाला, "त्याचं नाव आता पाठ झालं." यंदाच्या मेळाव्याला मी शाळेचे जुने हजेरीपत्रक घेऊन जाणार आहे. सगळ्यांची नावे पूर्ण वाचीन, बापाच्या नावासकट, आडनावासकट. जो हजर असेल त्याने 'हजर' म्हणावे. मग घंटा वाजवीन आणि सगळ्यांना घरी सोडीन.